पहिला माहितीपट आणि पदार्पणाचा पुरस्कार: अर्जाआधी काय पाहाल?

कोल्हापुरात माहितीपटाला विषयांची वाण नाही. तालमी आहेत, गुऱ्हाळं आहेत, चपलांचे कारागीर आहेत, २०१९ आणि २०२१ चे महापूर आहेत. मोबाइलवर का होईना, चित्रण करणारी मुलं-मुलीही भरपूर आहेत. घोळ सुरू होतो तो फिल्म पूर्ण झाल्यावर. ‘नवोदित दिग्दर्शकाला पुरस्कार असतो म्हणे, तिथं पाठवायची आहे’ असं म्हणून वाचक विचारणा करतात आणि प्रश्न बहुधा तेच असतात. यूट्यूबवर टाकलेली चालते का? सेन्सॉर लागतं का? आधी एक लघुपट केलाय, मग ही ‘पहिली’ धरतील का? अर्ज मी करायचा की पैसे घालणाऱ्यानं? हे प्रश्न चित्रीकरणाआधी विचारले तर त्यांची उत्तरं तुमच्या सोयीची करून घेता येतात. नंतर विचारले, तर जे झालं ते निभावून न्यावं लागतं.

आधी पुरस्कार ओळखून घ्या

सगळ्यात मोठा गोंधळ ‘फाळके’ या नावाचा आहे. केंद्र सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून चित्रपटसृष्टीतल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठी दिला जातो. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांना तो १९८५ चा मिळाला. त्यासाठी नवोदितांनी अर्ज करायचा नसतो आणि तो कुणी ‘मिळवून’ही देत नाही. नवोदितांशी संबंध असलेले पुरस्कार असे:

- राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. यातल्या नॉन-फीचर विभागात दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. मात्र या विभागात माहितीपटांबरोबर कथात्म लघुपटही असतात. ६६ व्या पुरस्कारांत तो सग्निक चटर्जी यांच्या, फेलुदा या गुप्तहेर-पात्रावरच्या माहितीपटाला मिळाला, तर ६७ व्या वेळी राज प्रीतम मोरे यांच्या ‘खिसा’ या मराठी लघुपटाला. म्हणजे तुमच्या तालमीवरच्या माहितीपटाची कुस्ती एखाद्या बांधीव गोष्टीशीही लागू शकते.
- मिफ, म्हणजे मुंबईचा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. १९९० पासून तो साधारण दर दोन वर्षांनी भरतो. पूर्वी फिल्म्स डिव्हिजन भरवत असे, आता एनएफडीसी. पदार्पणासाठी इथं महाराष्ट्र शासनाच्या सहकार्यानं दादासाहेब फाळके चित्रनगरी पुरस्कार दिला जात आला आहे. वर सांगितलेल्या गोंधळाचं हे दुसरं कारण. याच महोत्सवातला जीवनगौरव पुरस्कार व्ही. शांताराम यांच्या नावानं आहे.
- इफ्फी, गोवा. इथं २०२४ पासून भारतीय फीचर फिल्मच्या पदार्पण-दिग्दर्शकाला पाच लाखांचा पुरस्कार सुरू झाला. पहिल्याच वर्षी तो ‘घरत गणपती’साठी नवज्योत बांदिवडेकर यांना मिळाला. बातमी मराठीत भरपूर गाजली, त्यामुळे माहितीपटवालेही तिकडे डोळे लावून बसतात. हा पुरस्कार फीचर फिल्मसाठी आहे. तुमचा रस्ता इंडियन पॅनोरमाच्या नॉन-फीचर विभागातून जातो आणि तिथली निवड हाच मोठा मान आहे.
- राज्य मराठी चित्रपट पुरस्कार. यात प्रथम पदार्पणाचं पारितोषिक आहे, पण ते मराठी कथाचित्रपटांच्या स्पर्धेतलं. माहितीपट घेऊन तिथं खेटे घालू नका.
- परदेशी महोत्सव. ॲमस्टरडॅमच्या इडफामध्ये आणि इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये पहिल्या पूर्ण लांबीच्या माहितीपटासाठी पुरस्कार आहेत. टोरंटोच्या हॉट डॉक्समध्ये उदयोन्मुख आंतरराष्ट्रीय दिग्दर्शकासाठी आहे. जपानच्या यामागाता महोत्सवात आशियातल्या नव्या दिग्दर्शकांसाठी वेगळा विभाग आहे आणि त्यातला पुरस्कार ओगावा शिन्सुके यांच्या नावानं दिला जातो. शेतकऱ्यांच्या आंदोलनावर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून चित्रण करणारा हा माणूस. तुमचा विषय गावचा आणि संथ असेल तर यामागाताचा विचार जरूर करा.

‘पहिला’ कशाला म्हणायचं?

प्रत्येक नियमावलीत याचं उत्तर वेगळं आहे. ते न वाचता अर्ज भरणं म्हणजे आयुष्यात एकदाच मिळणारी संधी आंधळेपणानं खर्च करणं.

परदेशी महोत्सवांत ‘पहिला’ म्हणजे बहुधा पहिला *पूर्ण लांबीचा* चित्रपट. तुम्ही दहा-दहा मिनिटांच्या पाच फिल्म केल्या असतील तरी तिथं तुम्ही नवोदितच. राष्ट्रीय पुरस्कारांच्या नॉन-फीचर विभागात मात्र लघुपट आणि माहितीपट एकाच पंगतीला आहेत. तिथं आधी केलेला लघुपट तुमचं पदार्पण खर्ची घालू शकतो. म्हणून कॉलेजात असताना मित्रांबरोबर केलेल्या, सेन्सॉरचा दाखला घेऊन कुठंतरी दाखवलेल्या त्या बारा मिनिटांच्या फिल्मकडे आज गंभीरपणे बघा.

लग्नाच्या फिल्म, दुकानाची जाहिरात, साखर कारखान्यासाठी केलेली प्रचारफीत, संस्थेचा अहवालपट यांचं काय? सर्वसाधारणपणे लग्न आणि जाहिरात कुणी मोजत नाही. संस्थेसाठी केलेली, तुमचं दिग्दर्शक म्हणून नाव असलेली आणि जाहीरपणे दाखवली गेलेली फिल्म मात्र वादाचा विषय होऊ शकते. अशा वेळी लपवू नका. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आधीची सगळी कामं लिहा आणि ती वेगळ्या प्रकारची का, हे एका वाक्यात सांगा. पुरस्कार जाहीर झाल्यावर कुणी जुनी लिंक शोधून काढली तर नामुष्की मोठी होते.

दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं असेल तर दोघांचंही पदार्पण असायला हवं, असं धरून चाला. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तुषार माधव आणि सर्वनिक कौर या दोघांना मिळून ‘सोज़: अ बॅलड ऑफ मॅलडीज’ या काश्मीरवरच्या माहितीपटासाठी हा पुरस्कार मिळाला. सर्वनिक कौर यांचा पुढचा माहितीपट ‘अगेन्स्ट द टाइड’ मुंबईतल्या दोन कोळी मित्रांवरचा. तो २०२३ मध्ये सनडान्समध्ये गौरवला गेला. पदार्पणाचा पुरस्कार म्हणजे कारकिर्दीचा विमा नव्हे, पण पुढच्या फिल्मसाठी दार वाजवताना त्याचा उपयोग होतो, तो असा.

आणखी एक उदाहरण आपल्या मातीतलं. जत्रेजत्रेला तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ केला. तो त्यांचा पहिलाच मोठा माहितीपट. २०१६ मध्ये कानला माहितीपटांच्या ‘गोल्डन आय’ पुरस्कारात त्याचा खास उल्लेख झाला. त्याच ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला नॉन-फीचर विभागाचं विशेष ज्युरी पारितोषिक मिळालं, पदार्पणाचं नव्हे. यातून दोन गोष्टी घ्या. एक, पदार्पण असलं तरी बाकीच्या पारितोषिकांसाठीही तुम्ही स्पर्धेत असता. दोन, हा माहितीपट दीड तासाहून मोठा आहे. माहितीपट लांब आहे म्हणून तो ‘फीचर’मध्ये जात नाही, त्यामुळे लांबीच्या भीतीनं कात्री चालवू नका.

सेन्सॉर: लागतं कुठं, लागत नाही कुठं

राष्ट्रीय पुरस्कारासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा दाखला लागतोच, आणि तो ज्या वर्षाच्या पुरस्कारांसाठी अर्ज करताय त्या वर्षातल्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातला असावा लागतो. फिल्म कधी पूर्ण झाली, कुठं दाखवली, याला इथं महत्त्व नाही. दाखल्यावरची तारीख बघतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दाखला हातात पडल्यामुळे वर्षभर थांबावं लागलेले दिग्दर्शक कमी नाहीत.

अर्ज ‘ई-सिनेप्रमाण’ पोर्टलवर करायचा. कोल्हापूरकरांना मुंबई कार्यालय. निर्मात्याची कागदपत्रं, सारांश आणि संवादांची संहिता लागते. निवेदन असेल तर तेही शब्दशः लिहून द्यावं लागतं. माहितीपटवाले इथंच अडतात, कारण त्यांनी संहिता कधी लिहिलेलीच नसते. संकलन संपलं की लगेच, विसरायच्या आत, प्रत्येक संवाद उतरवून काढा. तेच काम इंग्रजी सबटायटलसाठी उपयोगी पडतं, आणि सबटायटल राष्ट्रीय पुरस्कारालाही लागतात. सबटायटल करताना कोल्हापुरी बोलीचा जाणकार जवळ ठेवा. ‘नाद खुळा’चं शब्दशः इंग्रजी वाचून ज्युरीला वेड लागायची पाळी येईल.

दोन गोष्टी ऐनवेळी आडव्या येतात:

- प्राणी. शर्यतीचे बैल, पाडव्याला सजवून मिरवलेल्या म्हशी असं काही फिल्ममध्ये असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या कागदाचा प्रश्न निघतो. आधीच चौकशी करा.
- तंबाखू. आखाड्याच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा तंबाखू मळतात, बिडी ओढतात. दृश्य सुंदर असतं. पण दाखल्यासाठी सुरुवातीच्या आणि मधल्या आरोग्यविषयक सूचना आणि त्या दृश्यावरची ओळ लागते.

कपात सुचवली आणि ती तुम्हाला मान्य नसेल तर गप्प बसू नका. पुनरीक्षण समितीकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. तिथंही पटलं नाही तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. पूर्वी मध्ये एक अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये रद्द झालं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे या कामातला वकील आता गावातच मिळू शकेल. अपील इथं दाखल होईल की मुंबईत, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.

महोत्सवांचं गणित वेगळं. मिफमध्ये फिल्म दाखवायला सेन्सॉरचा दाखला लागत नाही, आणि ही सवलत कुणी आपण होऊन दिलेली नाही. २००४ च्या महोत्सवाच्या वेळी भारतीय फिल्मना सेन्सॉर सक्तीचं करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा देशभरातले माहितीपटकार एकत्र आले आणि ती अट मागं घ्यावी लागली. पुढं निवडीत अनेक फिल्म वगळल्या गेल्यावर त्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. इतर महोत्सव केंद्राकडून सूट घेऊन विनादाखला फिल्म दाखवतात. सूट नाकारली गेली तर न्यायालयाचा मार्ग असतो. आनंद पटवर्धन यांच्या ‘विवेक’ला २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवासाठी अशीच सूट मिळाली नव्हती, ती केरळ उच्च न्यायालयानं दिली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या हत्येचा विषय त्या फिल्ममध्ये आहे, म्हणून कोल्हापूरकरांना ती बातमी आठवत असेल.

कागदावर निर्माता कोण आहे?

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महागात पडणारा आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. कल्पना तुमची, कॅमेरा तुमचा, पावसात भिजलात तुम्ही, तरी कागदावर निर्माता म्हणून काकांचं किंवा एखाद्या ट्रस्टचं नाव घातलंत तर मालक ते. पुरस्काराचा अर्जही निर्मात्याच्या सहीनं किंवा संमतीनं जातो. निर्माता रुसला, राजकारणात पडला, परदेशी गेला, तर तुमचं पदार्पण त्याच्या सहीवाचून अडतं.

म्हणून पैसे घेण्याआधी साध्या मराठीत करार करा. मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह. त्यात एवढं असू द्या:

- पुरस्कार आणि महोत्सवांसाठी अर्ज करण्याचा अधिकार दिग्दर्शकाला, निर्मात्याची वेगळी संमती न घेता
- दिग्दर्शक म्हणून नाव कुठं आणि कसं येईल
- अंतिम संकलनाचा निर्णय कुणाचा
- पुरस्काराची रक्कम कुणाची, दोघांची असेल तर वाटणी कशी
- मूळ चित्रण आणि हार्ड डिस्क कुणाच्या ताब्यात
- निर्मात्यानं फिल्म विकली तर तुमचा वाटा

स्वतःच्याच पैशानं केली असेल तर स्वतःच निर्माते व्हा. मानापोटी दुसऱ्याचं नाव देऊ नका. आभाराच्या यादीत हवं तेवढं मोठं छापा.

चित्रणाची संमती आणि परवानग्या

ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांची लेखी संमती मराठीतून घ्या, आणि आधी वाचून दाखवा. अठरा वर्षांखालच्या पैलवानांसाठी पालकांची सही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. चेहरा झाकून गाव, घर, आई दाखवलीत तरी ओळख उघड होते. जोगतिणींवर किंवा बालविवाहांवर काम करणाऱ्यांनी हे वकिलाला दाखवल्याशिवाय संकलन संपवू नये. संमती दिलेल्या माणसानं नंतर ‘माझं ते बोलणं काढा’ म्हटलं, तर कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि काढायचा विचार करा. तुम्ही महोत्सवाला जाल, तो माणूस त्याच गल्लीत राहणार आहे.

जागांचं थोडक्यात: अंबाबाई मंदिरासाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती, पन्हाळ्यावरच्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व विभाग, राधानगरी-दाजीपूरसाठी वन विभाग. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत, उडवण्याआधी डिजिटल स्कायवर त्या भागाचा नकाशा बघा.

पार्श्वभूमीतलं गाणं

गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर सिनेमाचं गाणं लागलेलं असतं आणि तुमच्या सर्वांत चांगल्या प्रसंगाखाली ते वाजत राहतं. ते गाणं तुमचं नाही. त्यात दोन वेगवेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही घ्यावे लागतात आणि पहिल्या फिल्मच्या बजेटला ते बहुधा झेपत नाहीत. चित्रण करतानाच माणसांचा आवाज वेगळ्या माइकवर घ्या, म्हणजे गाणं काढलं तरी बोलणं उरेल. शाहिरांकडून पोवाडा गाऊन घेतलात तर त्यांचीही लेखी संमती आणि मानधन. लोककला आहे म्हणून फुकट, असा समज सोडून द्या.

जुनी दृश्यं हवी असतील तर एक सोय आहे. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. प्रभातनं १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार केलेला ‘अयोध्येचा राजा’ या मुदतीबाहेर आहे. पण गीतकार-संगीतकारांची साठ वर्षं त्यांच्या मृत्यूनंतर मोजतात, ती वेगळी तपासा. शिवाय चांगली प्रत ज्या संग्रहालयाकडे असेल ते प्रतीचे पैसे घेईल.

यूट्यूबवर कधी टाकावी?

सगळ्यात शेवटी. बऱ्याच मोठ्या महोत्सवांना फिल्मचा पहिला खेळ आपल्याकडे हवा असतो. जाहीर लिंक दिसली की ते अर्ज बाजूला ठेवतात. पासवर्डची खासगी लिंक चालते. गावात दाखवायची ओढ असतेच, आणि दाखवावीही: ज्यांच्यावर केली त्यांच्यासाठी बंद दाराआड एक खेळ करा, जाहिरात न करता. नंतर कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीसारख्या संस्थेकडे जा. ही मंडळी सिनेमा बघणारी आहेत. त्यांच्यासमोर बसलात की फिल्म कुठं लांबते ते तुमचं तुम्हालाच कळतं.

क्रम साधारण असा ठेवा: आधी परदेशी महोत्सव, मग मिफ आणि पॅनोरमा, त्याच वर्षाच्या हिशेबानं सेन्सॉर आणि राष्ट्रीय पुरस्कार, मग गावोगावचे खेळ, मग यूट्यूब. परदेशी फेरी परवडत नसेल तर ती गाळा. त्यात कमीपणा काही नाही.

अजून रफ कटवरच अडकला असाल तर पुरस्कार विसरा आणि कोलकात्याचं डॉकएज किंवा गोव्याचा फिल्म बाजार यांच्याकडे अर्ज करा. अर्धवट माहितीपटाला तिथं जाणकार आणि कधी कधी पैसे भेटतात.

पैसे घेऊन मिळणारे पुरस्कार

इंटरनेटवर दर महिन्याला ‘महोत्सव’ भरवणारे आणि प्रत्येकाला ‘बेस्ट डेब्यू डायरेक्टर’ करणारे ढिगानं आहेत. ओळखायचे कसे? प्रत्यक्ष खेळ कुठं होतो याचा पत्ता नसतो. ज्युरीची नावं नसतात. निवड झाल्यावर ट्रॉफीचे, प्रमाणपत्राचे, व्यासपीठावर बसण्याचे वेगळे पैसे मागितले जातात. नाव मात्र फाळके, राय, कान यांच्या जवळपास जाणारं असतं. प्रवेश शुल्क अनेक चांगले महोत्सवही घेतात, त्यात गैर काही नाही. निवडीनंतर पैसे मागितले की समजा, तो धंदा आहे. असल्या पुरस्काराची पानं पोस्टरवर चिकटवलीत तर जाणकार निवड समितीचं मत तुमच्याविरुद्धच जातं. तेवढ्याच पैशांत चांगला ध्वनिसंयोजक मिळतो, आणि पहिल्या माहितीपटांत सगळ्यात कच्चा असतो तो आवाजच.

नियमावल्या दरवर्षी बदलतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून पारितोषिकांची नावं, रकमा आणि विभाग बदलले आहेत. त्यामुळे मित्राकडचा जुना अर्ज नक्कल करू नका, चालू वर्षाचा उतरवून घ्या आणि पदार्पणाची व्याख्या असलेलं कलम दोनदा वाचा. यंदाच्याच वर्षाचा सेन्सॉर दाखला हवा असेल तर अर्ज दिवाळीनंतर ढकलू नका. त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करून ३१ डिसेंबरच्या आत दाखला मिळायला हवा.